स्वप्नासारख्या चित्रांची फाइन आर्ट प्रिंट: सोलापूरकरांकडून वारंवार येणारे प्रश्न

वितळलेली घड्याळं, हवेत तरंगणारी माणसं, ढगांनी भरलेले डोळे अशा चित्रांच्या प्रिंटबद्दल आम्हा प्रिंट काढणाऱ्यांकडे बरीच विचारणा होते. जुळे सोलापूर, होटगी रोड, विजापूर रोडकडचे नवे फ्लॅटवाले विचारतात, पेठांतल्या जुन्या घरांतून विचारतात, पंढरपूर-बार्शीहूनही फोन येतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरात आलेली माहिती दुसऱ्यात पुन्हा लिहिलेली नाही, त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. फाइन आर्ट प्रिंट म्हणजे काय? शेवटी पोस्टरच ना ते?

नाही. पोस्टर बहुधा ऑफसेटवर चार शाईंत, साध्या कागदावर, एका फटक्यात हजारोंनी छापतात. फाइन आर्ट प्रिंट इंकजेट मशीनवर एकेक निघते. त्या मशीनमध्ये आठ ते बारा शाया असतात आणि काळ्या-करड्याच्याच दोन-तीन छटा वेगळ्या असतात. शाई पिगमेंटची, म्हणजे रंगाच्या घन कणांची असते. ती उजेडाला साध्या डाय शाईपेक्षा, म्हणजे विरघळलेल्या रंगाच्या शाईपेक्षा, कितीतरी जास्त टिकते. कागद कापसाचा किंवा निदान आम्लविरहित असतो, त्यामुळे तो काही वर्षांत पिवळा पडून कडकडीत होत नाही. दुकानात ‘जिक्ले’ नावानं विकतात तीही हीच प्रिंट, तेवढ्या नावासाठी जास्त पैसे मोजू नका.

छापील चित्र भिंतीवर लावण्यात काही कमीपणा आहे असं काहींना वाटतं. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथल्या ओलिओग्राफमुळेच, म्हणजे तैलचित्रासारख्या दिसणाऱ्या रंगीत छापील चित्रांमुळेच, त्यांच्या लक्ष्मी-सरस्वती महाराष्ट्रातल्या साध्यासुध्या घरांत पोचल्या. प्रिंट चांगली असावी आणि ती प्रिंट आहे हे सांगून विकलेली असावी, एवढंच.

२. विचित्र दिसणारं कुठलंही चित्र अतिवास्तववादीच का?

नाही. अतिवास्तववाद (सररिअलिझम) ही एक ठरावीक चळवळ होती. आंद्रे ब्रेताँ यांनी १९२४ मध्ये पॅरिसमध्ये तिचा जाहीरनामा काढला. स्वप्नं, नेणीव, मनात आपोआप उमटणाऱ्या प्रतिमा हा तिचा गाभा. साल्व्हादोर दाली, रने माग्रित, माक्स अर्न्स्ट, जोआन मिरो ही त्यातली मोठी नावं. हिएरोनिमस बॉश यांची चित्रं तशी वाटतात, पण ती या चळवळीच्या चारशे वर्षं आधीची आहेत. आपल्याकडे बिकाश भट्टाचार्य यांच्या बाहुल्या आणि गणेश पाइन यांची अंधारी, गूढ टेम्परा चित्रं या जगाच्या जवळ जातात.

हुसेन आपल्या पंढरपूरचे, म्हणून ‘त्यांचं अतिवास्तववादी चित्र द्या’ असं बरेच जण म्हणतात. हुसेन मोठेच, पण त्यांना या पंथात बसवणं चूक आहे.

३. इतर चित्रांपेक्षा या चित्रांची प्रिंट काढताना एवढी काळजी कशाला?

या पानावरचं सगळ्यात महत्त्वाचं उत्तर हेच आहे.

दाली किंवा माग्रित यांच्या चित्रात घडणारी गोष्ट अशक्य असते, पण ती रंगवलेली असते अगदी खऱ्यासारखी, काटेकोर. सावली योग्य बाजूला, धातूची चकाकी जागच्या जागी. म्हणून डोळा आधी विश्वास ठेवतो आणि मग दचकतो. प्रिंट ढिली झाली, सावल्या काळ्याकुट्ट झाल्या, कडा विरल्या, की डोळा विश्वासच ठेवत नाही. मग उरतं नुसतं गमतीदार पोस्टर. निसर्गचित्राची प्रिंट थोडी उन्नीस-बीस असली तरी झाड झाडच दिसतं. इथे तेवढी मोकळीक नाही.

उदाहरणादाखल दालींचं १९३१ चं ‘द पर्सिस्टन्स ऑफ मेमरी’ घ्या, तेच ते वितळलेल्या घड्याळांचं. प्रिंट हातात आली की आधी खाली डावीकडचं केशरी घड्याळ बघा. ते बंद आहे, मऊ झालेलं नाही, आणि त्यावर मुंग्या चढल्यात. प्रत्येक मुंगी सुटी दिसली पाहिजे. काळा डाग दिसला तर फाइल लहान होती किंवा मशीननं शाई जास्त सोडली. मग शेजारच्या निळसर घड्याळावरची माशी बघा, तिची सावली दिसते का? नंतर मधला तो पापण्या मिटलेला, चेहऱ्यासारखा मऊ आकार. पापण्यांचे केस वेगवेगळे दिसायला हवेत. शेवटी वरचं आकाश. निळ्यातून पिवळसर उजेडात ते हळूहळू उतरतं. तिथे आडवे पट्टे दिसत असतील तर प्रिंट परत करा.

माग्रित यांच्या १९५३ च्या ‘गोलकोंदा’ची परीक्षा वेगळी. टोप्या आणि लांब कोट घातलेली माणसं आकाशात पावसासारखी टांगलेली आहेत, मागे घरांच्या रांगा. हे नाव आपल्या हैदराबादजवळच्या गोवळकोंड्याचंच. मूळ चित्र ह्यूस्टनच्या मेनिल कलेक्शनमध्ये आहे. जवळची माणसं कुठल्याही प्रिंटमध्ये नीट येतात. सगळ्यात मागची, चिमुकली माणसं नुसते काळे ठिपके झालीत की त्यांना कोट-टोपी आहे, ते बघा.

४. कागद कोणता घ्यावा? आमचे फ्रेमवाले काका म्हणतात कॅनव्हासच शोभतो.

चित्रावर अवलंबून आहे. कॅनव्हासला स्वतःची वीण असते. मोठ्या, जाड फटकाऱ्यांच्या चित्रात ती खपून जाते. बारीक काम असलेल्या चित्रात मात्र ती प्रत्येक मुंगीच्या अंगावरून जाते. त्यामुळे दाली, माग्रित यांच्यासाठी आम्ही गुळगुळीत मॅट कॉटन कागद सुचवतो, साधारण ३०० जीएसएमचा (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन). हानेम्यूले, कॅन्सन या कंपन्यांचे असे कागद भारतात मिळतात. अंधाऱ्या चित्राला, जिथे काळ्याची खोली हवी, तिथे बरायटा कागद, म्हणजे फोटोच्या कागदासारखी किंचित चमक असलेला, बरा पडतो. त्यावर काळा रंग जास्त गडद उतरतो, पण खिडकीचं प्रतिबिंबही जास्त पडतं.

अर्न्स्ट यांनी १९२५ पासून लाकडी जमिनीवर कागद ठेवून वर पेन्सिल घासून काढलेली चित्रं आहेत. त्यांना किंचित खरखरीत कागद फार छान दिसतो. अगदी पांढराशुभ्र, निळसर झाक मारणारा कागद टाळा. तो पांढरेपणा बहुधा चमक आणणाऱ्या रसायनाचा असतो. ते रसायन संपत गेलं की कागद पिवळट होतो आणि चित्राचं आकाश मळकं दिसतं.

५. हॉलची भिंत मोठी आहे. चार फुटी प्रिंट काढून द्याल का?

काढता येते (हक्काचं काय ते प्रश्न ९ मध्ये), पण आधी मूळ चित्राचा आकार बघा. ‘द पर्सिस्टन्स ऑफ मेमरी’ न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहे आणि त्याचा आकार फक्त २४ बाय ३३ सेंटीमीटर आहे. म्हणजे झेरॉक्सच्या ए-फोर कागदापेक्षा थोडंसंच मोठं. जवळ जाऊन, वाकून बघायचं चित्र आहे ते. चार फुटांवर नेलं की त्यातली गुप्तता जाते असं माझं स्पष्ट मत आहे. ए-थ्री आकाराची प्रिंट, भोवती रुंद पांढरा माउंट (जाड पुठ्ठ्याची आतली चौकट) आणि वर एक छोटा दिवा असं केलंत तर मोठी भिंतही रिकामी वाटत नाही.

दुसरी अडचण तयार फ्रेमची. बाजारात १२ बाय १८ इंची फ्रेम सहज मिळते, पण तिचं प्रमाण या चित्राच्या प्रमाणाशी जुळत नाही. चित्र तिच्यात काठोकाठ बसवायचं म्हटलं तर वरून-खालून मिळून सुमारे ८-९ टक्के उंची कापावी लागते. आम्ही कापत नाही. पांढरा काठ सोडा किंवा मापाची फ्रेम करून घ्या.

६. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतो, त्यावरून प्रिंट होईल का?

बहुधा नाही. चांगल्या प्रिंटला एका इंचात ३०० पिक्सेल लागतात, म्हणजे ए-थ्रीला ३५०८ बाय ४९६१. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो दाबून लहान होतो. त्यातून पाच-सहा इंचांपुरती बरी प्रिंट निघते, त्यापुढे सगळं मऊ होत जातं. फाइल पाठवायचीच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. लांबून बघायच्या मोठ्या प्रिंटला १५० ते २०० पिक्सेलही चालतात, मात्र प्रश्न ३ मधल्या बारकाव्यांच्या चित्रांना ही सवलत देऊ नये.

फाइल सॉफ्टवेअरनं मोठी करता येते, पण सॉफ्टवेअर नसलेला तपशील अंदाजानं भरतं. मुंगीचे पाय सहाचे आठ होतात.

७. मोबाईलवर रंग झगझगीत दिसतात, प्रिंट मंद का?

स्क्रीन स्वतः उजेड फेकते, कागद समोरचा उजेड परत पाठवतो. शिवाय हल्लीचे मोबाईल रंग मुद्दाम भडक करून दाखवतात. मूळ चित्रं बहुतेक वेळा मोबाईलवर दिसतात त्यापेक्षा शांतच असतात. मोठी प्रिंट काढण्याआधी त्याच कागदावर चार-पाच इंचांची चाचणीपट्टी मागा. ती दिवसाच्या उजेडात बघा आणि घरच्या दिव्याखालीही बघा, कारण काही रंग एलईडीखाली हिरवट किंवा गुलाबी झाक घेतात. दिवा सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचं माप) ९० च्या वरचा असला तर हा त्रास पुष्कळ कमी होतो.

८. दर एवढे वेगवेगळे कसे? एका ठिकाणी शेकड्यात सांगतात, दुसरीकडे हजारात.

फ्लेक्सवाले चौरस फुटावर दर लावतात, फाइन आर्ट प्रिंटवाले बहुधा चौरस इंचावर. आधी एवढं विचारा, मगच तुलना करा. मग शाई पिगमेंट की डाय, कागदाचं नाव, चाचणीपट्टी दरात धरलीय का, हे विचारा. फ्रेमचा खर्च वेगळा, आणि तो पुष्कळदा प्रिंटपेक्षा जास्त होतो. हात आखडताच घ्यायचा असेल तर आकार लहान करा. कागद आणि काच हलक्या प्रतीची घेऊ नका.

९. दालींचं किंवा माग्रित यांचं चित्र नेटवरून घेऊन छापलं तर कायद्यात बसतं का?

आज तरी नाही, परवानगी लागते. भारतात कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. त्यानुसार चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो आणि ही मोजणी मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून होते. माग्रित १९६७ मध्ये गेले, म्हणजे त्यांची मुदत २०२७ च्या अखेरीस संपते. अर्न्स्ट १९७६ मध्ये गेले, तिथे २०३६ अखेर. दाली १९८९ मध्ये गेले, म्हणजे २०४९ पर्यंत थांबा. हा हिशेब भारतापुरता आहे. युरोपात बहुतेक ठिकाणी ७० वर्षं धरतात, त्यामुळे प्रिंट बाहेरदेशी विकणार असाल तर तिथला कायदा बघावा लागेल.

म्हणून अशा चित्रांसाठी परवाना घेऊन छापलेली प्रिंट विकत घ्या. संग्रहालयांची स्वतःची दुकानं आणि परवानाधारक प्रकाशक ती विकतात, आणि प्रिंटच्या काठावर किंवा पाठीमागे हक्कधारकाचा उल्लेख असतो. ‘घरातच लावणार आहे, विकणार थोडीच’ असं बरेच जण सांगतात. पण छापणारे आम्ही पैसे घेऊन छापतो, म्हणून आम्ही ते काम घेत नाही.

१०. मग बिनधास्त छापता येतील अशी स्वप्नासारखी चित्रं आहेत का?

भरपूर आहेत, आणि माझ्या मते खरी मजा तिथेच आहे. फ्रेंच चित्रकार ओदिलों रदों १९१६ मध्ये गेले. त्यांची कोळशाची काळी चित्रं आणि नंतरची पेस्टलं बघा: तरंगते डोळे, फुलांत हरवलेले चेहरे. आंरी रूसो यांनी १९१० च्या ‘द ड्रीम’मध्ये घनदाट जंगलात चक्क एक सोफा ठेवलाय, आणि त्यांचं १८९७ चं ‘द स्लीपिंग जिप्सी’ म्हणजे वाळवंटात झोपलेली बाई आणि तिला हुंगणारा सिंह. गोया यांची एचिंग्ज, म्हणजे धातूच्या पत्र्यावर आम्लानं कोरून छापलेली चित्रं आहेत. फळा-भाज्यांचे चेहरे करणारे आर्चिम्बोल्दो आहेत. आपल्याकडचे गगनेंद्रनाथ टागोर १९३८ मध्ये गेले. त्यांच्या प्रकाशाच्या तुकड्यांनी बांधलेल्या खोल्या आणि जिने एकदा बघाच.

मोठ्या, स्वच्छ फाइलसाठी न्यूयॉर्कचं मेट्रोपोलिटन म्युझियम, आर्ट इन्स्टिट्यूट ऑफ शिकागो आणि ॲम्स्टरडॅमचं राइक्सम्युझियम यांच्या संकेतस्थळांवर जा. हक्कमुक्त चित्रं ते फुकट उतरवू देतात. चित्राच्या पानावर तसं स्पष्ट लिहिलंय ना, तेवढं बघा, कारण सगळीच चित्रं त्यात नसतात. फाइलचा आकार प्रश्न ६ प्रमाणे तपासा.

११. प्रिंटखाली १२/५० असं पेन्सिलनं लिहिलंय. म्हणजे काय?

एकूण ५० प्रती काढल्या, त्यातली ही बारावी. ‘ए. पी.’ लिहिलं असेल तर ती चित्रकारानं स्वतःसाठी ठेवलेली प्रत. आकडा लहान म्हणून प्रिंट जास्त चांगली असं आजच्या इंकजेटमध्ये काही नसतं, पहिली आणि पन्नासावी सारखीच निघते. महत्त्वाचं हे की सही कुणाची आहे आणि प्रती खरंच तिथे थांबल्या का. आकडा घातलेली पण चित्रकाराच्या मृत्यूनंतर निघालेली प्रत ही प्रकाशकाची आवृत्ती झाली, चित्रकाराची नव्हे. प्रमाणपत्रावर चित्राचं नाव, आकार, कागद, शाई, एकूण प्रती आणि छापल्याचं वर्ष हवं. नुसतं सोनेरी स्टिकर बघून भुलू नका.

१२. एकानं दालींच्या सहीची ‘ओरिजिनल’ प्रिंट स्वस्तात देतो म्हटलंय. घेऊ का?

घेऊ नका. निदान जाणकाराला दाखवल्याशिवाय तरी नाही. दालींच्या प्रिंटचा बाजार जगभर बदनाम आहे. आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी हजारो कोऱ्या कागदांवर आधीच सह्या करून दिल्या. पुढे त्यांवर कुणी काय छापलं याला धरबंध राहिला नाही. त्यामुळे सही अस्सल आणि प्रिंट नकली हा प्रकार इथे खरोखर घडतो. खोट्या सह्यांच्या प्रिंट त्याहून वेगळ्या.

दालींनी स्वतः केलेली एचिंग्ज आणि लिथोग्राफ (दगडावर काढून छापलेली चित्रं) आहेत, त्यांच्या छापील सूच्याही निघाल्या आहेत. विकणाऱ्याला सूचीतला क्रमांक, आधीच्या मालकाचं बिल आणि लेखी हमी मागा. तो टाळाटाळ करू लागला की विषय तिथेच संपवा.

१३. प्रिंट कुठल्या प्रकारची आहे हे घरी कसं ओळखायचं?

दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. सोलापुरात ते शोधत फिरावं लागत नाही, चादर-टॉवेलच्या धंद्यातल्या कुणाकडेही धागे मोजायचं छोटं घडीचं भिंग असतं, त्यानंही काम भागतं. चित्राचा फिका भाग बघा. ठिपक्यांची ठरावीक, फुलासारखी जाळी दिसली तर ऑफसेट. कुठल्याही रांगेत नसलेले, फवाऱ्यासारखे विखुरलेले बारीक कण दिसले तर इंकजेट. एचिंग असेल तर चित्राभोवती धातूच्या पत्र्याची दाबलेली कड बोटाला लागते.

कॅनव्हासवर हात फिरवून रंगाचा उंचवटा लागला म्हणून ते हाती रंगवलेलं ठरत नाही. छापील कॅनव्हासवर पारदर्शक जेलचे फटकारे मारून तैलचित्र म्हणून विकतात. तिरक्या उजेडात बघा: जेलचा फटकारा एकीकडे आणि खालच्या रंगाची दिशा दुसरीकडे जात असेल, तर समजून जा.

१४. फ्रेमवाल्याला नेमकं काय सांगायचं?

प्रिंट काचेला चिकटता कामा नये, मध्ये माउंट हवाच. माउंट आणि पाठीमागचा बोर्ड आम्लविरहित हवा. नेहमीचा तपकिरी हार्डबोर्ड थेट कागदामागे लावला तर काही वर्षांत डाग उमटतात. प्रिंट पूर्ण चिकटवायची नाही. फेव्हिकॉल नको, सेलोटेप तर नकोच. वरच्या बाजूला जपानी कागदाच्या दोन बिजागऱ्या आणि गव्हाच्या स्टार्चची खळ, एवढ्यावर ती लटकली पाहिजे. कागद हवेप्रमाणे फुगतो-आकसतो, त्याला खाली मोकळीक लागते. काच अतिनील किरण अडवणारी मिळाली तर उत्तम.

आपल्याकडचे फ्रेमवाले हात चांगले असलेले आहेत, पट्टीचे कोपरे सुबक जोडतात. त्यांना बहुधा हे कुणी मागितलेलं नसतं. बोर्ड आणि बिजागऱ्यांचा कागद स्वतः नेऊन द्या आणि शेजारी उभे राहून करून घ्या.

१५. सोलापूरच्या उन्हाळ्यात प्रिंट टिकेल का? एप्रिल-मे मध्ये ४२-४३ अंश नेहमीचंच.

नुसत्या उष्णतेला प्रिंट सहसा दाद देत नाही. तिला दोन गोष्टी छळतात: ऊन आणि कूलर.

ऊन सरळ पडता कामा नये, कवडसाही नको. संग्रहालयांत कागदावरच्या कामाला ५० लक्सच्या आसपासच उजेड ठेवतात, आणि आपल्या खिडकीशेजारी दुपारी त्याच्या कितीतरी पट असतो. पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीवर लावू नका, संध्याकाळी ती भिंत आतूनही तापते.

कूलरचा विचार कुणी करत नाही. सोलापूरची हवा उन्हाळ्यात कोरडी ठणठणीत, कागद आकसून ताठ झालेला. त्यावर दुपारभर कूलरचा दमट झोत येतो, कागद फुगतो. रात्री कूलर बंद, पुन्हा आकसतो. रोज हेच चाललं की महिन्याभरात प्रिंटला लाटा येतात. कूलरच्या झोतासमोरची भिंत सोडून द्या. एसी असेल तर ही भानगड नाही.

दगडी भिंतींच्या जुन्या घरांत पावसाळ्यानंतर लोणा लागतो का, तेही बघा. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून रबरी गोळ्या लावल्या की फ्रेम भिंतीपासून सुटी राहते आणि हवा खेळते. एवढ्या फटीत पाल अंडी घालते, म्हणून सणाच्या साफसफाईला फ्रेम उतरवून पाठ पुसा. कसर लागू नये म्हणून पाठीमागच्या कडा टेपनं पूर्ण बंद करून घ्या.

१६. आमच्या घराशेजारी यंत्रमाग आहेत. फ्रेमवर रोज कापसाची तूस बसते.

मऊ कोरड्या ब्रशनं झाडा. काच असेल तर कापड ओलसर करून पुसा, काचेवर थेट फवारा मारू नका, पाणी कडेनं आत उतरतं. काचेऐवजी ॲक्रिलिक असेल तर काच पुसायचा अमोनियावाला द्रव वापरू नका, त्यानं ॲक्रिलिक धुरकट होतं. कोरड्या फडक्यानं घासलं तर ॲक्रिलिकवर चरे पडतात आणि तूस उलट जास्त ओढली जाते. अशा घरात बिनकाचेचा कॅनव्हास घेऊ नका.

१७. बंद घड्याळ घरात ठेवू नये म्हणतात. मग वितळलेल्या घड्याळांचं चित्र चालेल का? सासूबाई नको म्हणतात.

हा प्रश्न फार येतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. घरात राहणाऱ्या प्रत्येकाला चित्र रोज बघायचं असतं. घड्याळाचं चित्र म्हणजे घड्याळ नव्हे हे खरं, पण घरातल्या मोठ्या माणसाला ते बघून रोज खटकणार असेल तर ते हॉलमध्ये लावून काय मिळवायचं? अभ्यासाच्या खोलीत लावा, किंवा दुसरं चित्र निवडा. रूसो यांचा सिंह आणि झोपलेली बाई आजवर कुणाच्या सासूबाईंना खटकलेली ऐकली नाही. देवघरासमोर किंवा त्या भिंतीवर ही चित्रं लावू नयेत, एवढं आम्ही स्वतःहून सांगतो.

लहान मुलांबद्दल: मुलं या चित्रांना सहसा घाबरत नाहीत, प्रश्न विचारतात. रदों यांचा एकच मोठा डोळा मात्र मुलांच्या खोलीत नको.

१८. एआयनं ‘दालीच्या शैलीत’ काढलेलं चित्र छापून द्याल का?

देतो. शैलीवर कुणाचा कॉपीराइट नसतो. पण त्यावर दालींचं नाव किंवा सही घातलेली चालणार नाही, आणि विकायचं असेल तर एआयचं आहे हे लिहिलं पाहिजे. अशा फाइल बहुधा लहान असतात, प्रश्न ६ बघा. माझं मत विचाराल तर प्रश्न १० मधली चित्रं आधी बघून घ्या.

१९. मी स्वतः चित्रं काढतो. मूळ चित्र विकलं, आता त्याच्या प्रिंट काढू शकतो का?

हो. मूळ चित्र विकल्यानं कॉपीराइट जात नाही, तो लेखी करारानं दिला तरच जातो. याच नियमाची दुसरी बाजू अशी की चित्र विकत घेणाऱ्याला त्याच्या प्रिंट काढून वाटता येत नाहीत.

अपवाद लक्षात ठेवा. कुणी पैसे ठरवून, सांगून तुमच्याकडून चित्र करून घेतलं असेल आणि वेगळा करार नसेल, तर कायद्यानं पहिला हक्क त्या सांगणाऱ्याचा धरला जातो. हॉटेल, दवाखाना, बँक यांच्यासाठी काम करताना हक्काची एक ओळ लिहून घ्याच.

चित्र विकण्याआधी त्याची चांगली फाइल करून ठेवा. दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत सारखे दिवे, दिव्यांवर आणि लेन्सवर पोलरायझर (चकाकी मारणारा फिल्टर), चौकटीत रंगपट्टी, कॅमेरा चित्राला अगदी समांतर. मोबाईलनं ट्यूबलाइटखाली काढलेल्या फोटोत वरचा भाग उजळ आणि खालचा काळपट येतो, तो नंतर सरळ होत नाही. प्रती किती काढल्या याची वही ठेवा. आवृत्ती ५० ची जाहीर केली की एकावन्नावी काढायची नाही, दुसऱ्या आकारातही नाही.

२०. प्रिंट पुण्याहून नळीत गुंडाळून आली. उघडल्यावर सरळच होत नाही.

उलटी गुंडाळू नका, शाईला तडे जातात. हात धुऊन, शक्यतो सुती हातमोजे घालून, स्वच्छ कागदावर चित्राची बाजू वर करून पसरा. वर आणखी एक स्वच्छ कागद आणि त्यावर सपाट पाटी ठेवा. दिवसभरात बसते. नळी उन्हात उभ्या गाडीत तासन्‌तास ठेवू नका, विशेषतः आत कॅनव्हास असेल तर. त्यावरचा लेप मऊ होऊन चिकटतो.

२१. कूलरचं पाणी उडून फ्रेमच्या आत गेलं. आता काय?

फ्रेम ताबडतोब आडवी करा. मागचे खिळे काढून बोर्ड सोडवा. प्रिंट काचेपासून सुटी असेल तर सावलीत, पंख्याच्या थेट झोतापासून दूर, ब्लॉटिंग पेपरवर वाळू द्या. पुसू नका आणि इस्त्री करू नका. पिगमेंट शाई पाण्यानं सहसा पसरत नाही, पण ओल्या मॅट कागदाचा पृष्ठभाग बोट लागलं तरी निघतो. किरकोळ लाट राहिली तर पूर्ण वाळल्यावर वजनाखाली ठेवून कमी होते.

प्रिंट काचेला चिकटलीच असेल तर ओढू नका, चित्र काचेवर राहतं आणि कोरा कागद हातात येतो. तशीच काचेसकट आमच्याकडे किंवा कागद-जतनाचं काम करणाऱ्याकडे आणा. नेहमीची प्रिंट असेल तर परवान्याची दुसरी घेणं स्वस्त पडतं. सही-क्रमांकाची असेल तर काही करण्याआधी काचेवरूनच फोटो काढून ठेवा आणि प्रमाणपत्र जपा.